बॉक्स स्कोरमधून नाव गायब झालं की समजायचं, पोराचं काम झालं

जी लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगच्या खालच्या लीगच्या, मॅचेस मी नियमित बघायला लागलो तेव्हा सुरुवातीला एक गोष्ट फार खटकायची. एखादा प्लेयर आवडायला लागावा, त्याचा खेळ ओळखीचा व्हावा, डावीकडून ड्राइव्ह करून अचानक थांबून मारतो वगैरे बारकावे लक्षात यायला लागावेत, आणि पुढच्या मॅचचा बॉक्स स्कोर, म्हणजे कोण खेळलं आणि कुणी काय केलं याचा तक्ता, उघडला की त्याचं नावच नाही. दुखापत नाही, बेंचवर नाही, सरळ गायब. मग शोधाशोध केली की कळायचं, तो आता एनबीएच्या टीमबरोबर भलत्याच शहरात आहे. आणि ज्या टीमचा तो सगळ्यात चांगला माणूस होता ती टीम त्या रात्री त्याच्याशिवाय खेळली, दणकून हरली, आणि तरी त्या टीमचा कोच मॅचनंतर अगदी मनापासून आनंदात बोलतोय की आमचा पोरगा वर गेला.

हे मला पचायला वेळ लागला. पण एकदा ते डोक्यात बसलं की अख्खी लीग उलगडते. बाकी सगळीकडे टीम आपला चांगला खेळाडू धरून ठेवायला धडपडते, इथे मात्र तो सोडून जावा म्हणूनच सगळा खटाटोप चाललेला असतो, कॉन्ट्रॅक्टपासून विमानाच्या तिकिटापर्यंत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू, कारण एनबीए बघणाऱ्या बऱ्याच जणांना जी लीग म्हणजे "ती खालची लीग" एवढंच माहिती असतं.

थोडा इतिहास. २००१ मध्ये एनबीएने स्वतःची डेव्हलपमेंट लीग काढली, तेव्हा टीम फक्त आठ आणि त्याही सगळ्या अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या छोट्या शहरांत, ॲशव्हिल, रोअनोक, हन्ट्सव्हिल, मोबाइल, फेएटव्हिल अशी गावं. त्याआधी सीबीए नावाची एक स्वतंत्र जुनी लीग एनबीएला खेळाडू पुरवायची, ती २००१ मध्येच बुडाली. २००५ पासून नाव झालं डी-लीग, आणि २०१७ मध्ये गेटोरेडने स्पॉन्सर केल्यावर जी लीग. तो जी म्हणजे गेटोरेडचा जी. आधी एकेका टीमला चार-पाच एनबीए टीमशी नातं जोडून ठेवावं लागायचं, म्हणजे पाच घरच्या सासवा सांभाळल्यासारखं, कुणाची पद्धत खेळायची हाच प्रश्न. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची टीम काढली आणि मग हळूहळू सगळ्यांना कळलं की हे स्वतःचं असेल तरच फायद्याचं. २०२४-२५ च्या सीझनला एनबीएच्या तीसही टीमना आपापली जी लीग टीम मिळाली, आणि वर एक मेक्सिको सिटी कॅपिटानेस, जी कुणाचीच नाही, स्वतंत्र आहे. एकूण ३१.

आता खरी गंमत टीमच्या आत आहे.

टाइमआउट झालाय, पाच जण कोचभोवती गोल करून उभे आहेत, सगळ्यांची जर्सी एकच, घाम सारखाच, असं चित्र डोळ्यासमोर आणा. त्यातला एक असतो एनबीए टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्याच राउंडला घेतलेला, एकोणीस-वीस वर्षांचा, त्याला वर्षाला काही मिलियन डॉलर मिळतात, वर खेळायला मिनिटं मिळत नाहीत म्हणून त्याला खाली "असाइन" केलंय. तो उद्या सकाळी वर असेल, कदाचित आज रात्रीच. त्याच्या शेजारी उभा आहे तो टू-वे कॉन्ट्रॅक्टवाला, हे काय ते पुढे येतंच. त्याच्या पलीकडे असा एक जण, ज्याला ऑक्टोबरमध्ये एनबीए टीमने साइन केलं आणि दोन-चार दिवसांत सोडून दिलं. चौथा जी लीगच्या स्वतःच्या ड्राफ्टमधून आलेला. आणि पाचवा, तो तर ओपन ट्रायआउटला स्वतःच्या खिशातून फी भरून आलेला. पाच माणसं, पाच वेगळे पगार, एकाच बॉलमागे. त्या पाचव्याचा अख्ख्या सीझनचा पगार आणि पहिल्याचा एका आठवड्याचा पगार यांची तुलना केली तर पोटात कालवाकालव होते.

पगाराचं सांगतोच. जी लीगचं साधं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे २०२३-२४ ला पाच महिन्यांचे ४०,५०० डॉलर. राहायची सोय आणि इन्शुरन्स टीमकडून. आधी तर फारच वाईट होतं, खेळाडूंना ए, बी, सी अशा ग्रेड असायच्या आणि बऱ्याच जणांना सीझनचे वीस हजार डॉलरसुद्धा मिळत नसत. २०१८-१९ ला सरसकट ३५,००० केले तेव्हा जरा माणसात आले. आता त्याच २०२३-२४ ला एनबीएचा नवख्या खेळाडूचा किमान पगार होता ११ लाख डॉलरच्या वर, आणि टू-वे कॉन्ट्रॅक्टला त्याच्या बरोब्बर अर्धे, साडेपाच लाखांच्या थोडे वर. म्हणजे एकाच टीममध्ये, एकाच पोझिशनला खेळणाऱ्या दोघांमध्ये चौदापट फरक, आणि बऱ्याचदा खेळात फरक म्हणावा तर काहीच नाही, एकाच्या मनगटाला जरा जास्त चांगला शॉट किंवा एकाचे हात तीन इंच लांब.

टू-वे हा प्रकार २०१७ ला आला. पूर्वी एनबीए टीमकडे एखादा होतकरू पोरगा असला तर त्याला एक तर पूर्ण रोस्टरमध्ये, म्हणजे टीमच्या पक्क्या यादीत घ्या नाहीतर मोकळा सोडा, मधलं काही नव्हतं. आता प्रत्येक टीमला मूळच्या १५ जणांशिवाय असे जादा खेळाडू ठेवता येतात, आधी दोन होते, २०२३ पासून तीन केले. हा माणूस दोन्हीकडे खेळू शकतो, वर जास्तीत जास्त ५० मॅचेससाठी, आणि प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या टायटलसाठीच्या मॅचेस, मात्र नाही. प्लेऑफ खेळवायचा असेल तर आधी त्याला नेहमीचं कॉन्ट्रॅक्ट द्या. म्हणून दरवर्षी सीझन संपत आला की बातम्या येतात, अमक्याचं टू-वे कॉन्ट्रॅक्ट बदलून पक्कं केलं. छोटी ओळ असते, कुणी वाचत नाही, पण त्या घरात त्या दिवशी काय होत असेल याचा विचार करा.

डंकन रॉबिन्सन मायामीकडे असाच टू-वेवर आला होता, २०१८-१९ ला बराचसा वेळ सू फॉल्सला, म्हणजे मायामीच्या खालच्या टीमकडे खेळला, आणि २०२१ मध्ये त्याच मायामीने त्याला पाच वर्षांचे ९० मिलियन दिले. ॲलेक्स करूसो, ऑस्टिन रीव्ह्ज, लू डोर्ट, सगळे आधी टू-वे. करूसोच्या नावावर तर आता दोन एनबीए टायटल आहेत, एक लेकर्सबरोबर २०२० चं आणि एक ओक्लाहोमा सिटीबरोबर २०२५ चं.

आता ते ऑक्टोबरमध्ये साइन करून सोडण्याचं. एनबीएच्या बातम्यांमध्ये सीझनआधी रोज दिसतं, टीमने याला साइन केलं, दुसऱ्या दिवशी त्यालाच सोडलं, म्हणजे वेव्ह केलं. मी आधी समजायचो की काय निर्दयी लोक आहेत, बिचाऱ्याला एक दिवससुद्धा ठेवलं नाही. पण तो सगळा आधी ठरलेला कागदी व्यवहार असतो. त्याला म्हणतात एक्झिबिट १०. टीम खेळाडूला एनबीएचं एक वर्षाचं किमान पगाराचं कॉन्ट्रॅक्ट देते, त्यात एक अट असते की आम्ही तुला सोडलं आणि तू आमच्याच जी लीग टीमकडे जाऊन ६० दिवस राहिलास तर तुला वर बोनस. २०१७ ला याची मर्यादा पन्नास हजार डॉलर होती, २०२३-२४ ला पंच्याहत्तर हजार झाली. म्हणजे ज्याचा पगार चाळीस हजार त्याला बोनस पंच्याहत्तर हजार, परदेशी लीगमध्ये न जाता इथेच थांबायला एवढं कारण पुरेसं असतं. आणि सोडल्यामुळे टीमला त्याचे जी लीगमधले हक्क मिळतात. असे मोजकेच खेळाडू एका टीमला आपल्या अफिलिएटकडे, म्हणजे जोडलेल्या जी लीग टीमकडे वळवता येतात. बाकीची जागा ड्राफ्ट, मागच्या वर्षीचे परत आलेले, ट्रेड आणि ट्रायआउट यातून भरायची.

आणि इथे ती गोष्ट येते जी कुणालाही सांगितली की आधी विश्वास बसत नाही. साध्या जी लीग कॉन्ट्रॅक्टवर असलेला खेळाडू त्या एनबीए टीमचा नसतोच! तो लेकर्सच्या जिममध्ये सराव करेल, लेकर्सच्या कोचकडून शिकेल, लेकर्सच्या डॉक्टरकडून गुडघा बरा करून घेईल, पण उद्या शिकागोने फोन केला तर तो शिकागोला जाणार आणि लेकर्सना बोलायला जागा नाही. फक्त टू-वे आणि असाइन केलेले खेळाडू बांधलेले. बाकी सगळे तीसही टीमना मोकळे. बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये असं नाही, तिथे खालचा खेळाडूसुद्धा वरच्या क्लबच्या मालकीचा असतो, वर्षानुवर्षं अडकून पडतो. इथे टीम खर्च करते, पोरगा तयार करते, आणि कुणीही येऊन घेऊन जातं.

रॉबर्ट कव्हिंग्टनचं बघा ना. २०१३ ला त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही, ह्युस्टनने घेतला, पण तो बहुतेक खालीच रिओ ग्रँड व्हॅली व्हायपर्सकडे खेळला आणि तिथे रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांमधला सर्वोत्तम झाला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्युस्टनने सोडला. लगेच डी-लीग ड्राफ्टमध्ये ग्रँड रॅपिड्सने पहिल्याच नंबरला उचलला, ती डेट्रॉइटची अफिलिएट. आणि दोनच आठवड्यांत फिलाडेल्फियाने साइन केला. तयार केला ह्युस्टनने, निवडला डेट्रॉइटच्या टीमने, खेळला फिलाडेल्फियाकडे, आणि पुढे तिथेच ६२ मिलियनचं एक्स्टेन्शन मिळवलं. मला ही पद्धत मनापासून पटते. टीमच्या दृष्टीने वेडेपणा असेल, पण खेळाडूला पगार एवढा कमी देता ना, मग निदान दार तरी तीस बाजूंनी उघडं ठेवा. ज्या दिवशी ही दारं बंद करतील त्या दिवशी या लीगमध्ये बघण्यासारखं काही उरणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

वर जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट. ५ जानेवारीपासून एनबीए टीम अशी कॉन्ट्रॅक्ट देऊ शकतात. एका टीमकडून एका सीझनमध्ये अशी दोन मिळू शकतात, तिसऱ्यांदा मात्र एक तर सीझन संपेपर्यंत ठेवा नाहीतर सोडा. दहा दिवस, म्हणजे मॅचेस किती, तर चार-पाच. त्यात एखाद्या मॅचला शेवटची तीन मिनिटं मिळणार, बाकी बेंचवर टॉवेल घेऊन. प्लेबुक पाठ नाही, बाजूच्याचं नाव माहीत नाही, आणि त्या तीन मिनिटांत बॉल आला तर मारायचा की पास द्यायचा? पण पैसे बघा, २०२३-२४ ला नवख्याला या दहा दिवसांचे साधारण ६४ हजार डॉलर मिळायचे. जी लीगच्या अख्ख्या सीझनपेक्षा दीडपट, दहा दिवसांत.

५ जानेवारीच्या आधी म्हणून महत्त्वाचा असतो डिसेंबरमधला विंटर शोकेस. सगळ्या टीम एका ठिकाणी येतात, काही वर्षं लास व्हेगसला व्हायचा, मग ऑर्लॅंडोला हलवला, आणि तीसही टीमचे स्काउट एकाच छताखाली बसलेले. सीझनचं गणितही त्याभोवतीच केलंय, उदाहरणार्थ २०२४-२५ ला शोकेसपर्यंतच्या १६ मॅचेस म्हणजे एक वेगळी स्पर्धा होती, नंतर सगळ्यांचा रेकॉर्ड पुसून परत शून्यापासून ३४ मॅचेसचा रेग्युलर सीझन. हे का, तर आधीच्या १६ मॅचेस एका टीमने खेळल्या असतील आणि नंतरच्या ३४ भलत्याच टीमने, नाव एकच पण माणसं निम्मी बदललेली, मग एकत्र मोजून उपयोग काय.

२०२१ चा शोकेस मी कधी विसरणार नाही. ओमिक्रॉनची लाट आली होती, एनबीएच्या टीमच्या टीम कोविडच्या प्रोटोकॉलमध्ये अडकल्या, खेळायला माणसं नाहीत, आणि व्हेगसला सगळी जी लीग जमलेली. मग लीगने हार्डशिप, म्हणजे खेळाडूंची टंचाई म्हणून दहा दिवसांची जादा कॉन्ट्रॅक्ट द्यायला परवानगी दिली आणि फोन सुरू झाले. स्पर्धा चालू असताना खेळाडू उचलले जात होते. सकाळी ज्याचं नाव लाइनअपमध्ये बघितलं तो दुपारी विमानतळावर. टीमना कळेना आज कोण आहे कोण नाही. त्या सीझनला एनबीएमध्ये सहाशेच्या वर खेळाडू खेळले, तोपर्यंतचा रेकॉर्ड. मी त्या आठवड्यात फक्त ट्रान्झॅक्शनची यादी रिफ्रेश करत होतो, मॅचपेक्षा तेच जास्त थरारक वाटत होतं, कारण त्यातलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी सहा-सात वर्षं पहाटेच्या विमानांनी फिरलेला माणूस होता.

हो, विमानं. एनबीएच्या टीम स्वतःच्या चार्टरने फिरतात, जी लीगवाले साध्या कमर्शियल फ्लाइटने, सात फुटी माणूस इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर गुडघे छातीला लावून. रात्री मॅच, पहाटे चारला लॉबीत जमायचं, एक कनेक्शन, आणि संध्याकाळी परत मॅच. मॅच स्ट्रीमवर बघताना कधी कधी स्टँड एवढे रिकामे असतात की बुटांची करकर आणि बेंचवरून ओरडलेलं "स्क्रीन लेफ्ट" स्वच्छ ऐकू येतं. मला तो आवाज फार आवडतो. एनबीएच्या मॅचमध्ये म्युझिक आणि गर्दीत तो दबतो, इथे खेळ जसा आहे तसा ऐकू येतो, कोण कुणाशी बोलतंय, कोण गप्प आहे, सगळं.

टीम कुठे ठेवायची यावरही आता बराच विचार होतो. पूर्वी अफिलिएट हजार मैलांवर असायची. आता लेकर्स आणि त्यांची खालची टीम साउथ बे लेकर्स एल सेगुंडोला एकाच इमारतीत असतात. वरचा पोरगा सकाळी वरच्या टीमबरोबर सराव करतो आणि संध्याकाळी खालच्या टीमकडून खेळतो, बॅग बदलायची एवढंच.

पण कोचचं काम मात्र भयंकर अवघड. त्याला जिंकायचंय, पण वरून निरोप आलाय की असाइन केलेल्या पोराला ३४ मिनिटं खेळवा आणि त्याला पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा म्हणून खेळवा, जरी तो आज सकाळीच टीमला भेटलाय. मग ज्याने महिनाभर टीम सांभाळली तो बसतो. त्याने कुणाकडे तक्रार करायची? आणि प्रत्येक खेळाडूच्या मनात वेगळंच द्वंद्व. त्याला वाटतं मी ३० पॉइंट मारले की मला बोलवतील. पण वरच्या टीमकडे ३० पॉइंट मारणारे आधीच बसलेत, त्यांना हवा असतो कोपऱ्यात उभा राहून बॉल आला की थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट टाकणारा, समोरच्याच्या चांगल्या गार्डला दमवणारा, चुका न करणारा. करूसोला हे लवकर कळलं. खाली स्टार असलेल्या माणसाला वर नोकर व्हायची तयारी लागते, आणि ती तयारी खालीच दाखवावी लागते. हे ज्यांना जमत नाही ते लीगचे टॉप स्कोरर होऊन मग चीनला किंवा युरोपला जातात, तिथे पैसे कितीतरी जास्त आहेत, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. तिशीला आलेल्या माणसाला घर चालवायचं असतं.

कोचेसही इथेच घडतात. निक नर्सने आयोवाला २०११ मध्ये आणि व्हायपर्सना २०१३ मध्ये टायटल मिळवून दिलं, आणि २०१९ ला टोरॉन्टोबरोबर एनबीए जिंकला. त्या टोरॉन्टोच्या टीममध्ये पास्कल सियाकम आणि फ्रेड व्हॅनव्हीट, दोघं २०१७ ला खाली रॅप्टर्स ९०५ कडून जिंकलेले, सियाकम तर तिथल्या फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. नॅन्सी लिबरमन २०१०-११ ला टेक्सस लेजंड्सची हेड कोच होती, एनबीएशी जोडलेल्या टीमची पहिली बाई हेड कोच. लिंडसी हार्डिंग स्टॉकटनकडे २०२३-२४ ची कोच ऑफ द इयर. रेफरीसुद्धा इथूनच वर जातात.

आणि नियमही! एनबीएला काही नवीन करून बघायचं असलं की आधी इथे. २०१९-२० पासून जी लीगमध्ये फ्री थ्रो एकच मारायचा. दोन शॉटचा फाउल असेल तर त्या एकाच फ्री थ्रोला दोन पॉइंट, तीनचा असेल तर तीन. फक्त शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये नेहमीसारखं. मॅच भराभर पुढे जाते. ओव्हरटाइमला तर घड्याळच काढून टाकलं, जो आधी सात पॉइंट करेल तो जिंकला. मला वैयक्तिक ते फ्री थ्रोचं आवडतं, ओव्हरटाइमचं अजून पटलेलं नाही. खेळाच्या पद्धतीतही तेच, २०१३-१४ ला ह्युस्टनच्या व्हायपर्सनी मॅचला सरासरी ४५ च्या वर थ्रीचे प्रयत्न करून बघितले, तेव्हा एनबीएची सरासरी होती २१-२२. लोकांना वाटलं हा काय प्रकार. आज एनबीएच बघा कुठे पोचलीय.

एक प्रयोग फसला तो इग्नाइट टीमचा. २०२० ला काढली, कॉलेजला न जाता सरळ पैसे घेऊन खेळू इच्छिणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांसाठी. जेलन ग्रीन तिथून २०२१ ला दुसऱ्या नंबरला ड्राफ्ट झाला, स्कूट हेंडरसन २०२३ ला तिसऱ्या. पण २०२१ च्या जुलैमध्ये कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि मग कॉलेज सोडायचं कारणच संपलं. २०२४ ला टीम बंद केली. त्या पहिल्या इग्नाइटमध्ये पंजाबचा प्रिन्सपाल सिंग होता, पुढे २०२१ ला सॅक्रामेंटोबरोबर समर लीग जिंकला. त्याआधी सतनाम सिंग, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरला ड्राफ्ट केलेला, भारतात जन्मलेला पहिला, टेक्सस लेजंड्सकडे दोन सीझन होता. अमज्योत सिंग २०१७-१८ ला ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे. तिघांपैकी कुणालाच एनबीएच्या सीझनमधली मॅच मिळाली नाही. सतनामला तर सात फुटांच्या वर उंची असूनही नाही. कॅनडात वाढलेल्या सिम भुल्लरला मिळाली, रेनोच्या डी-लीग टीमकडून सॅक्रामेंटोला, २०१५ मध्ये, दहा दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू असा आला, जी लीगच्या दारातून.

ट्रायआउटचं राहिलं. जोनाथन सिमन्स २०१३ ला १५० डॉलर फी भरून ऑस्टिन टोरोजच्या ओपन ट्रायआउटला गेला होता. हे १५० डॉलर त्याच्यासाठी लहान नव्हते, पोरी लहान होत्या, बास्केटबॉल सोडून न्हाव्याचं काम शिकावं असा विचार चालू होता. घेतला त्याला. दोन वर्षांनी सॅन ॲंटोनिओ स्पर्सने बोलावला, आणि २०१७ ला ऑर्लॅंडोने तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. असं फार क्वचित होतं, पण एकदा झालंय हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहिती असतं.

पण माझ्यासाठी जी लीग म्हणजे आंद्रे इंग्रम. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतून फिजिक्स शिकलेला, २००७ ला ड्राफ्ट झाला नाही, युटा फ्लॅशकडून सुरुवात केली आणि मग दहा सीझन खाली. ३८४ मॅचेस. लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त थ्री त्याचे. बाजूला मुलांना गणित शिकवायचा, कारण २०१७-१८ च्या सीझनचा पगार १९,००० डॉलर. केस पांढरे व्हायला लागलेले, बत्तीस वर्षांचा. एप्रिल २०१८ ला साउथ बेचा सीझन संपला, त्याला नेहमीप्रमाणे सीझन संपल्यावरच्या मीटिंगला बोलावलं. आत गेला तर समोर लेकर्सचे तेव्हाचे बॉस मॅजिक जॉन्सन आणि रॉब पेलिंका, आणि कॅमेरे. उरलेल्या दोन मॅचेससाठी तू लेकर्सचा.

१० एप्रिलला लेकर्सचं घरचं मैदान स्टेपल्स सेंटर, समोर ह्युस्टन, त्यांचे स्टार हार्डन आणि ख्रिस पॉल. मी ती मॅच किती वेळा परत बघितलीय मोजलं नाही. पहिला शॉट थ्री, आणि आत. मग अजून एक. अजून एक. त्याच्या मारण्यात काही घाई नाही, तेच पाय, तोच कोपर, साउथ बेच्या रिकाम्या जिममध्ये जसा मारायचा अगदी तसाच, फक्त आता पब्लिक उभं राहून एमव्हीपी एमव्हीपी ओरडतंय. पाचपैकी चार थ्री, १९ पॉइंट, तीन ब्लॉक. लेकर्स हरले. दुसऱ्या दिवशी क्लिपर्सविरुद्ध पाच पॉइंट, सहा असिस्ट, आणि सीझन संपला. दोन मॅचेसचे मिळाले १३,८२४ डॉलर.

मला वाटलं होतं की आता हा थांबेल, एवढं सुंदर झाल्यावर कोण परत त्या पहाटेच्या विमानात बसेल. २०१८ च्या हिवाळ्यात साउथ बेच्या मॅचचा बॉक्स स्कोर सहज उघडला. नाव होतं, इंग्रम. मार्चमध्ये ते परत एकदा दहा दिवसांसाठी गायब झालं, लेकर्सकडे. मग पुन्हा होतं तिथेच.